रतीब

गेल्या आठवड्यात रात्री कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर थांबले होते. म्हैस समोर, धार थेट ग्लासात, वर जाड फेस. ग्लास तोंडाशी नेला आणि त्या उबट वासासरशी आज्जी आठवली.

करवीर तालुक्यातल्या आमच्या गावाहून ती शहरात रतीब घालायला यायची. सुट्टीत मी तिच्याबरोबर. पितळी माप काठोकाठ भरायचं, वर पळीभर जास्तीचं ओतायचं आणि आलेले पैसे कनवटीला खोचायचे. त्या पैशांचा हिशेब घरात कुणी तिला विचारत नसे.

मंगळवार पेठेत एका वाड्यावर वहिनीसाहेब दाराआडून पातेलं पुढं करायच्या. आम्हाला दिसायचे ते फक्त हात, गोठ-पाटल्यांनी भरलेले. एकदा दाराआडूनच हळू आवाज आला, ‘‘मावशी, पाच रुपये हुतील काय? भावाला बरं नाही, औषधाला धाडायचेत. घरात मागायची सोय नाही.’’ आज्जीनं एक शब्द न विचारता कनवटीची गाठ सोडली. कुडाच्या घरातली बाई वाड्यातल्या बाईला उसने पैसे देत होती. आयुष्यात बरंच विसरले, ते हात विसरता आले नाहीत.

पुढं नदीवरून पाइपलाइन आली, ऊस आला, स्लॅबचं घर झालं. चुलते म्हणाले, ‘‘आई, आता रतीब बंद कर. बरं दिसत नाही.’’ दूध गावातल्या संस्थेत जाऊ लागलं. शेणघाण आणि धारा घरच्या बायकांकडंच राहिल्या. दहा दिवसांचं बिल चुलत्यांच्या नावावर. देवळात नारळ फोडायचा तरी आज्जी लेकाकडं पैसे मागायची. त्या ‘बरं दिसत नाही’वरचा माझा राग अजून गेलेला नाही. घर वर चढलं ते बायकांना आत ढकलून. पदर खाली आला, बायकांची पंगत मागं गेली, आणि ह्यालाच घरंदाजपणा म्हणायचं ठरलं.

ह्याच कोल्हापुरात 1918 साली राजपुत्र शिवाजी शिकारीत दगावले. मागं राहिल्या कोवळ्या वयाच्या इंदुमतीदेवी. सासरे शाहू महाराज. राजघराण्याइतका घरंदाजपणा दुसऱ्या कुणाचा असणार? तरी महाराजांनी सुनेला सोनतळीला ठेवून शिकवलं, सोबतीला इतर मुलीही दिल्या. घरातून विरोध झाला, तो त्यांनी जुमानला नाही. आम्ही जूनमध्ये महाराजांच्या पुतळ्याला हार घालतो आणि घरी येऊन सुनेला म्हणतो, तुला नोकरीची गरज काय?

आमच्याही घरात हे घडलंय. पुतण्याची बायको एम.कॉम. झालेली, बंगला ताराबाई पार्कात, आणि मोबाईलचा रिचार्जसुद्धा नवऱ्याला सांगून. तिच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं स्वतःचं पासबुक आहे. मावशींच्या कष्टांचं मला कौतुक करायचं नाही. आज्जीची कंबर दुधाच्या घागरींनीच गेली. पण कष्ट कमी करताना कनवटीही काढून घ्यायचं कारण नव्हतं.

गोठा असलेल्या घरांना माझं एवढंच सांगणं आहे: जी धार काढते, तिच्या नावावर बिल जमा करा. आणि बंगल्यातल्या मंडळींनी सुनेला गरज आहे का, हे सुनेलाच विचारावं.