शेल्ट नदीकाठचे डूल

हिऱ्यांच्या व्यापारामुळे बेल्जियममधील अँटवर्प शहर जैन कुटुंबांना सुपरिचित आहे. त्याच शहराच्या परिसरात, शेल्ट नदीच्या डाव्या तीरावर, नेदरलँड्सच्या सीमेलगत डूल हे चिमुकले गाव वसले आहे. नदीच्या बांधावर सतराव्या शतकातील पवनचक्की, तर गावाच्या उत्तरेस अणुविद्युत केंद्राचे दोन गगनचुंबी शीतकरण मनोरे. या केंद्रातून १९७५ पासून व्यावसायिक तत्त्वावर वीज मिळू लागली. परंतु गाव ओस पडले ते अणुभट्टीच्या धास्तीने नव्हे. बंदराच्या विस्तारासाठी घरामागून घर विकत घेतले गेले आणि हजारावर वस्तीच्या गावात मोजकी माणसे उरली. बंदराच्या जमाखर्चात नफ्याची नोंद होते. विझलेल्या चुलींची नोंद कोणत्या खात्यावर करावी?