मागच्या आसनावरचा प्रवास

पुण्याहून आमच्या गावी जायचे म्हणजे कात्रजचा नवा बोगदा ओलांडून दक्षिणेकडे निघायचे, खंबाटकीचा घाट चढायचा, सातारा आणि कऱ्हाड मागे टाकायचे आणि पेठ नाक्याला राष्ट्रीय महामार्ग ४८ सोडून डावीकडे इस्लामपूर-आष्ट्याच्या रस्त्याला लागायचे. आष्ट्याच्या पूर्वेला कृष्णाकाठी आमचे गाव आहे. एस.टी.च्या खिडकीतून, वडिलांच्या अँबेसेडरमधून आणि पुढे स्वतः सुकाणू धरून हा रस्ता मी इतक्या वेळा पाहिला आहे, की तो मला पाठ आहे असे मी समजत असे. गेल्या वर्षी एका प्रवासात कळले, की या रस्त्याची एक बाजू मी कधी पाहिलीच नव्हती. ती बाजू मागच्या आसनावरून दिसते.

तीन वर्षांपूर्वी मी एक स्पोर्ट्स सेदान घेतली. तिचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही, कारण या जातीच्या गाड्यांचा स्वभाव थोड्याफार फरकाने सारखाच असतो. चार दारे, पाच माणसांची जागा, सामानाला मोठी डिकी. म्हणजे वरून पाहता सरळ कुटुंबवत्सल. आत मात्र दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, जमिनीलगतची बांधणी, ताठ सस्पेन्शन आणि १८ इंची चाके. कुटुंबाची सोय आणि स्वतःची हौस एकाच किमतीत साधली, असा हिशेब मी घरात मांडला होता. रोज मुलीला शाळेत सोडणे, कचेरी, भाजी, दवाखाना आणि महिन्याकाठी गाव, ही सारी कामे ती गाडी करू लागली.

पहिल्या सहा महिन्यांतच आईने गावी येणे कमी केले. दिवाळीला तिचे गुडघे दुखत होते. जत्रेच्या वेळी तिला घर बंद ठेवायचे नव्हते. मावसबहिणीच्या नातीच्या साखरपुड्याला ती गेली, पण आदल्या दिवशी, एकटी, एस.टी.ने. "पुढच्या बाकावर जागा मिळाली, बरं गेलं," एवढेच ती म्हणाली. मला ते लागले. घरी एवढी गाडी उभी असताना आईने स्वारगेटला जाऊन रांगेत उभे राहावे, हे नातेवाइकांना काय वाटेल, याचाच विचार माझ्या मनात आधी आला. तिच्या मणक्याचे दुखणे मला ठाऊक होते. त्याचा गाडीशी संबंध मी जोडला नव्हता. माझी पाठ त्या गाडीत कधी दुखली नव्हती.

गेल्या पावसाळ्यानंतर शेताच्या वाटणीपत्रासाठी इस्लामपूरला सर्वांनी हजर राहणे भाग पडले. सही आणि अंगठा आईचाही लागणार होता. नेमका त्याच आठवड्यात मी पायरीवरून घसरलो आणि डाव्या मनगटाला प्लास्टर बसले. गाडी पत्नीने चालवायची ठरले. घाटात मुलीला मळमळते म्हणून पुढची जागा तिने पटकावली. अशा रीतीने आपल्याच गाडीच्या मागच्या आसनावर मी तीन वर्षांत प्रथमच बसलो, आणि तोही आईच्या शेजारी.

महामार्गावरचा भाग सुखाचा गेला, हे आधी सांगितले पाहिजे. खंबाटकीच्या वळणांवर गाडी जराही डोलली नाही. पूर्वीच्या मऊ गाडीत याच घाटात आईला लिंबू हुंगत बसावे लागे. त्यालाही कारण आहे. शरीराला मळमळ आणणारे झोके फार संथ असतात, दोन-पाच सेकंदांना एक असे. मऊ स्प्रिंगांची गाडी वळणावर एका कुशीवर कलते, मग दुसऱ्या कुशीवर, आणि सुकाणूची प्रत्येक हालचाल लांबवत नेते. ताठ गाडी कलत नाही आणि ब्रेक लावला तरी नाक खाली घालत नाही. ताशी ९० किलोमीटरच्या वेगाने सपाट रस्त्यावर जाताना एखादा लांबट उंचवटा आलाच, तर ती एका दमात उठते आणि एका दमात स्थिर होते. मुलीला त्या दिवशी मळमळले नाही. आईनेही डोळे मिटून घेतले होते.

डोळे मिटूनच ती मध्येच म्हणाली, "नीरा गेली." मी बाहेर पाहिले, तो सारोळ्याचा पूल मागे पडत होता. थोड्या वेळाने भुईंजजवळ ती म्हणाली, "कृष्णामाई." मग वेण्णा, मग उरमोडी, उंब्रजला तारळी, कऱ्हाडला कोयना. एकही चुकली नाही. पूल उन्हाने प्रसरण पावतो, म्हणून त्याच्या तुकड्यांमध्ये फटी ठेवून सांधे बसवलेले असतात. त्या सांध्यांवरून चाके गेली की आधी पुढे आणि लगेच मागे असा जोडठोका बसतो. पुढे बसून मी तो आवाज म्हणून ऐकत आलो होतो. आईपर्यंत तो कंबरेतून पोचत होता, आणि ती त्यावरून नद्या मोजायला शिकली होती.

पेठ नाक्याला वळलो आणि सारे बदलले. हा मुलूख काळ्या मातीचा आहे. ऊस तिच्यावर पोसतो, रस्ता मात्र पोसत नाही. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि भेगाळते. तिच्यावर टाकलेला डांबरी थर हळूहळू लाटांसारखा वरखाली होतो. गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर त्याच्या कडा मोडतात. त्यात गावोगावचे गतिरोधक. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता येतो. गावकऱ्यांनी अपघातानंतर रातोरात घातलेल्या गतिरोधकाला मानक कोठून असणार? तो हातभर रुंद आणि वीतभर उंच असतो.

पहिला गतिरोधक येण्यापूर्वीच आईने डोळे उघडले. दोन्ही तळवे आसनावर घट्ट टेकवले, हात ताठ केले आणि कंबर किंचित उचलून धरली. गाडी वर चढली, मागची चाके आपटली, आणि मग ती सावकाश खाली टेकली. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा तेच. पत्नी ब्रेकवर पाय ठेवण्याच्या आधी आईचे तळवे आसनावर टेकलेले असत. रम्बलरच्या पट्ट्या आल्या तेव्हा तिने दात मिटून घेतले. आष्ट्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. एका हाताला प्लास्टर असल्याने मला तर तसे उचलून धरताही येत नव्हते, आणि प्रत्येक आदळ्याला माझ्या बरगड्यांपर्यंत कळ जात होती.

"आई, हे दर वेळी असंच होतं?" मी विचारले.

"रस्ता तसला हाय," ती म्हणाली. थोडे थांबून पुढे म्हणाली, "तुला गाडीची लई आवड हाय ना."

त्या दुसऱ्या वाक्याने दोन वर्षांची सारी निमित्ते उलगडली.

परतल्यावर मी या प्रश्नाचा थोडा अभ्यास केला. आराम म्हणजे मऊपणा, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. आरामशीर मोटारीचा सांगाडा स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एकदा किंवा थोडे अधिक वेळा वरखाली होतो. स्पोर्ट्स गाडीत हीच गती दीड ते दोनपर्यंत जाते. बसलेल्या माणसाचे धड उभ्या दिशेच्या ज्या कंपनांनी सर्वाधिक हैराण होते, ती सेकंदाला चार ते आठ वेळांची असतात. ताठ स्प्रिंग, ताठ शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि कमी उंचीचे टायर ही त्रयी नेमके हेच आखूड, तुटक धक्के वर जाऊ देते. चालकाच्या हातात सुकाणू असते, पाय रोवलेले असतात आणि येणारा खड्डा त्याला आधी दिसतो. त्याचे शरीर नकळत तयारी करते. शिवाय पुढची आसने दोन्ही आसांच्या मधोमध, गाडीच्या सर्वांत शांत भागाजवळ असतात. मागचे आसन जवळजवळ मागच्या आसावरच असते.

मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम करताना याच प्रश्नाचा पाठपुरावा केला होता. मागची चाके उंचवट्यावर पुढच्या चाकांनंतर पोचतात. दोन्ही आसांत २.७ मीटर अंतर असेल आणि वेग ताशी ३६ किलोमीटर असेल, तर हा विलंब पाव सेकंदाहून थोडा अधिक असतो. तेवढ्यात पुढचा भाग खाली येऊ लागतो आणि मागचा वर उडतो. गाडी झुल्यासारखी पुढेमागे डुलते. मागचे स्प्रिंग पुढच्यांपेक्षा किंचित वेगाने हलणारे ठेवले, तर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट राहते, हे त्याने दाखवून दिले. हा ताळमेळ एका विशिष्ट वेगाच्या पट्ट्यातच उत्तम जुळतो. आमची गाडी महामार्गाच्या वेगाशी जुळलेली होती. आष्ट्याच्या रस्त्यावर ती परकी होती.

गाडी विकून टाकण्याचा विचार मी केला. पत्नीने त्याआधी सोपे उपाय करून पाहा म्हटले. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर हवेचा दाब ३२ लिहिलेला होता. पेट्रोल वाचते म्हणून मी ३६ भरत आलो होतो. तो खाली आणला. मग चाके. आमचे टायर २२५/४० आर १८ या मापाचे, म्हणजे त्यांच्या भिंतीची उंची ९० मिलिमीटर. त्याच गाडीच्या साध्या प्रतीला कंपनीच देते ते माप २०५/५५ आर १६. त्याची भिंत सुमारे ११३ मिलिमीटर. चाकाचा बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो, पण लोखंड आणि रस्ता यांच्यामध्ये आणखी एका बोटाहून थोडी जास्त हवा येते. ब्रेक त्या लहान चाकात मावतात ना, टायरची भारक्षमता आणि वेगमर्यादा पुरेशी आहे ना, हे माहितीपुस्तिकेत पाहून आणि कारागिराकडून तपासूनच हा बदल करावा. एकदा खड्ड्यात आपटून टायरच्या भिंतीला फुगा येण्याचा खर्चही मी सोसला होता. उंच भिंतीने ती धास्तीही कमी झाली. वळणावरची पूर्वीची धार थोडी बोथट झाली, हे खरे. शेवटचा उपाय बिनखर्चाचा होता: आईची जागा पुढे, आणि पेठ नाक्यानंतर माझा वेग वीस किलोमीटरने कमी.

कुटुंबासाठी असली गाडी घेऊ पाहणाऱ्यांना मी आता एवढेच सांगतो. चाचणीच्या फेरीला स्वतः चालवा, पण अर्धा वेळ दुसऱ्याच्या हाती सुकाणू देऊन मागे बसा. गुळगुळीत रस्त्यावर नव्हे, आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या आणि गावाच्या रस्त्यावर. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला बरोबर न्या, आणि त्याला कसे वाटले हे विचारू नका. ते खरे सांगणार नाही. त्याचे हात पाहा.

या वर्षी मृगापूर्वी आम्ही पुन्हा गावी गेलो. आईला संध्याकाळचे जेवण दिवसाउजेडी लागते, म्हणून दुपारीच निघालो. नद्या तिने या वेळीही मोजल्या; उरमोडी तिला कळली नाही, आणि तिने ती मुलीला विचारली. पेठ नाक्यावरून वळल्यावर मी आरशाऐवजी तिच्या हातांकडे पाहत होतो. एका वाईट गतिरोधकाला तिने दाराची मूठ धरली. पुढच्या दोघांना धरली नाही. इस्लामपूर गेल्यावर तिने पिशवीतून भाजक्या शेंगा काढल्या, पदर मांडीवर पसरला आणि सोलायला सुरुवात केली. आष्टा येईपर्यंत तिचे दोन्ही हात त्यातच गुंतलेले होते. गावाच्या वेशीजवळ तिने मूठभर दाणे माझ्यापुढे धरले.

मी गाडी कडेला थांबवली आणि ते घेतले.