भांड्यांवरची नावं

हप्त्यावर काही घ्यायचं नाही, असं ठरवलं आणि पाळलंही. मग रुखरुख कसली?

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हे आम्हाला ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या झाडून सगळ्या नातेवाइकांनी ऐकवलं. ही म्हण रचणाऱ्याच्या घरात अंथरूण कायमचं घातलेलं असावं. डोंबिवलीतल्या वन आरकेत ते रात्री घालायचं, सकाळी उचलायचं. दिवसा तिथेच जेवणं, इस्त्री, आलागेला. पाहुणा राहिला की गादीला सतरंजी जोडायची, सतरंजीला गोधडी. म्हणजे अंथरूण वाढतं की! मग मोजायचं काय, नुसती गादी की गोधडीसकट सगळं? आणि पाय पोटाशी घेऊन झोपायची सवय लागली, की पुढे ऐसपैस अंथरूण मिळूनही ते सरळ होत नाहीत. माझ्या आईचा नवा कुकर वर्षानुवर्षं माळ्यावर आहे; गॅसवर हँडल हलणारा जुनाच. ही काटकसर की भीती, मला सांगता येत नाही.

दिवाण बघायला उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो होतो. दुकानदार म्हणाला, “अभी आधा दो, बाकी आराम से.” आम्ही नको म्हटलं आणि हातातल्या पैशांत बसणारा लोखंडी फोल्डिंगचा पलंग घेतला. तेव्हा फार ताठ वाटलं. पण ते गाव दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीवर वसलेलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथल्या बराकींत राहिली, 8 ऑगस्ट 1949 ला उल्हासनगर हे नाव मिळालं, तरी पत्त्यात अजून कॅम्प नंबर लागतो. हातात काहीच नसलेल्या त्या माणसांना उधारी नको म्हणायची ऐट परवडली असती का?

आणि आम्ही तरी काय केलं? फ्रिज ठाण्याच्या मामांनी दिलेला, जुना. ते आले की आधी तो उघडतात, दाराच्या रबरावरून बोट फिरवतात. “पुसत जा गं हे.” मी मान डोलावते. हप्ते फिटले की दुकानदाराचा संबंध संपतो. मामांचा कसा संपणार?

स्वयंपाकघरात तर बघायलाच नको. पातेल्याच्या काठाखाली बारीक टिंबांनी कोरलेलं मावशीचं नाव, डब्यावर आत्याचं, तांब्यावर अशा कुणाचं तरी, ज्यांना मी ओळखतसुद्धा नाही. आईच्या वहीत मात्र सगळे आहेत, आहेराच्या आकड्यासकट. त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढं परत, वर थोडं जास्त. ते ‘थोडं जास्त’ म्हणजे काय? शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये हरकत घेतली होती: व्याज असतंच, ते प्रोसेसिंग फीच्या आड लपवलेलं असतं. आईची वही त्यांनी पाहिलेली नाही.

पण मग ती भांडी नुसती उधारी म्हणायची का? पातेलं घासताना मावशी आठवते, हेही खरंच. हप्त्याच्या मिक्सरने कुणाची आठवण आली नसती.

आता कल्याणला आत्याच्या मुलीचं लग्न आहे. वहीत आत्यापुढे 501 आहेत, शिवाय डबा. आई म्हणते 1,001 घाल. नवरा म्हणतो, तेवढ्यात आपलं कपाट महिनाभर पुढे जाईल. कपडे अजून सुटकेसमध्येच आहेत. दोघांचंही मला पटतं. भांडं दिलं तर नाव कोरून द्यायचं की नको, यावर तर आम्ही अजून बोललेलोही नाही.