खाली कातळ आहे

२०१७ च्या आषाढात भाताची आवणी चालू असताना माझी चुलती खाचराच्या बांधावरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. हाड मोडलंय हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की तिला पाय टेकवत नाही आणि दुखणं सोसायला तिने पदर दातांत धरलाय. आमची वाडी तळेघरपासून आत, डांबरी रस्ता सोडून चार किलोमीटर. वाडीत चारचाकी एकच, माझी जुनी महिंद्राची फोर बाय फोर जीप. मागे घोंगडी अंथरून चुलतीला आडवं केलं, दोन बायका तिला धरून बसल्या आणि आम्ही निघालो.

पहिला ओढा पार झाला. दुसऱ्या ओढ्याच्या अलीकडे एक चढ लागतो. फार उभा नाही, पण दोन्ही अंगांच्या खाचरांचं पाणी त्याच्यावरूनच वाहतं. तिथे चाकं जागच्या जागी फिरायला लागली. फोर बाय फोर आधीच लावलेलं होतं. गाडी मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे. प्रत्येक हिसक्याला मागून तिचं कण्हणं ऐकू यायचं. चौथ्या खेपेला ती म्हणाली, “बाळा, नको रे हलवू गाडी.” मी इंजिन बंद केलं. वाडीतून माणसं आली, घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली आणि भर पावसात तिला खांद्यावरून तळेघरला नेलं. तिथल्या आरोग्य केंद्रातून दुसऱ्या गाडीने ती पुढे मंचरला गेली. हाड जुळलं. आज ती काठी घेऊन चालते.

संध्याकाळी मी जीपपाशी परत आलो आणि वाकून टायर पाहिले. नक्षी दिसतच नव्हती. खाचाखाचांत तांबडी माती गच्च बसली होती, भिंत लिंपावी तशी सपाट. बोटाने एक खाच उकरून काढली तेव्हा खाली रबर दिसलं. निम्मी नक्षी शिल्लक होती, म्हणजे टायर काही गोटे झालेले नव्हते. पण ते रस्त्याचे टायर होते, अरुंद खाचांचे. त्यांच्यात एकदा माती भरली की ती बाहेर पडत नाही, आणि मग जमिनीला रबर लागतच नाही, चिखलाला चिखल लागतो. फोर बाय फोर असलं की झालं, असं मी तोवर मानत होतो. चारही चाकांना ताकद पोचत होती, ती जमिनीत उतरत नव्हती.

चिखलाचे टायर घ्यायचे हे त्या संध्याकाळीच ठरवलं. नीट घ्यायला मात्र दोन पावसाळे गेले.

पहिल्यांदा पैसे कमी होते म्हणून मागचे दोनच बदलणार होतो. मिस्त्रीने अडवलं. पुढे झिजलेले आणि मागे नवे टायर म्हणजे चाकांचा घेर वेगळा. आमच्या जीपला फोर बाय फोर लावलं की पुढचे-मागचे शाफ्ट एकत्र बांधले जातात; घेर वेगळा असेल तर एक जोडी दुसरीला ओढत राहते आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. चिखलात चाक घसरतं म्हणून तो ताण सुटतो, कोरड्या जमिनीवर तो सुटत नाही. म्हणून चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि एकदमच बदलायचे. स्टेपनीही त्याच मापाची.

मग मी रुंद टायरांच्या मोहात पडलो. पंधरा इंची रुंद डिस्कसकट चार टायर मिळत होते, मोठमोठ्या गट्ट्यांचे, बघताक्षणी भरवसा वाटावा असे. दुकानदार म्हणाला, जितकं रबर जास्त तितकी पकड जास्त. मलाही ते पटलं. २०१८ च्या मेमध्ये वाडीने गोळा केलेला बाळहिरडा तळेघरला विकला गेला, त्यातला माझा सगळा वाटा त्या टायरांत गेला. सरळ वाटेवर ते चांगले चालले. पण आमच्या वाटा सरळ नाहीत, डोंगराच्या कुशीने आडव्या जातात. तिथे रुंद चाक चिखलाच्या वरच राहायचं आणि गाडी नाक पुढे ठेवून खाचराकडे सरकत जायची. स्टिअरिंग जड झालं. पूर्ण वळवलं की टायर पाट्याला घासायचा. त्याच चढावर मी पुन्हा दोनदा अडकलो.

अडकलो तेव्हा शेजारच्या खाचरात चिखलणी चालली होती. ट्रॅक्टरला रबरी चाकांच्या जोडीला लोखंडी जाळीची चाकं लावली होती. खाचर ज्यांचं होतं ते म्हातारे बाबा बांधावरून माझ्याकडे आले, टायरावर काठी टेकवली आणि म्हणाले, “एवढं रुंद कशाला घेतलं? आपला चिखल वीतभर. खाली कातळ आहे. चाक तिथवर पोचू दे की.”

टायरांबद्दल मला कळलेलं सगळं त्या चार वाक्यांत होतं, पण ते मला दुकानात सापडलं नव्हतं. सह्याद्रीच्या या माथ्यावर काळा दगड वर आलेला आहे. त्याच्यावर तांबड्या मातीचा पातळ थर, कुठे मुरूम. पावसात तो थर लोण्यासारखा होतो, पण त्याला तळ आहे. अरुंद चाकावर गाडीचा भार थोड्या जागेत एकवटतो, ते चिखल कापून खाली जातं आणि मुरमाला किंवा दगडाला धरतं. रुंद चाक तोच भार पसरवतं आणि वर तरंगतं. जिथे चिखलाला तळ नाही तिथे रुंदच हवं. डिंभे धरणाचं पाणी उतरल्यावर जो गाळ उघडा पडतो, त्यात आताच्या अरुंद टायरांची माझी जीप घातली तर ती आसापर्यंत जाईल. मराठवाड्यातली काळी माती आणखी वेगळी. ती चाकाला गुंडाळत जाते आणि मडगार्डात भरून चाकच अडवते. कोणते टायर चांगले, असं मला कोणी विचारलं तर मी आधी विचारतो, तुमच्या चिखलाखाली काय आहे?

मग मी उलटा गेलो, जुन्या जीपच्या मूळ मापाकडे. ६.०० बाय १६. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपला हेच माप होतं, आणि महिंद्रांनी मुंबईत विलिजच्या जीपा जोडायला घेतल्या तेव्हाही तेच. नक्षी जाड आडव्या गट्ट्यांची, दोन्ही दिशांनी सारखी. ट्रॅक्टरच्या मागच्या टायराची नक्षी बाणासारखी असते; पुढे जाताना ती माती बाहेर ढकलते, मागे घेताना तिचा तेवढा उपयोग नसतो. आणि अडकलेली गाडी बहुतेक वेळा मागेच काढावी लागते, म्हणून मला दोन्हीकडून सारखी धरणारी नक्षी हवी होती.

दुकानात मी गट्ट्यांच्या मधल्या खाचेत बोटं घालून पाहिली. दोन बोटं सहज मावली. एवढी खाच असली की चाकाने थोडा वेग घेतला तरी माती फेकली जाते. टायरची बाजू अंगठ्याने दाबून पाहिली, कारण आमच्या वाटांवर दगडाची धार बाजूलाच लागते आणि बाजू फाटली की पंक्चरवाल्यालाही काही करता येत नाही. आठ प्लायचे घेतले. बाजूवरचे चार आकडे वाचायला मिस्त्रीने शिकवलं होतं. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पहिला टायर समोर आला त्यावर २३१३ होतं, म्हणजे २०१३ चा तेविसावा आठवडा. मी घ्यायला गेलो होतो २०१९ मध्ये. सहा वर्षं पडून रबर कडक झालेलं. नक्षी नवी कोरी होती, तरी मी तो परत ठेवायला लावला.

त्या पावसाळ्यात जीप पहिल्यांदा तो चढ न थांबता चढली. चिखलात चाक बुडालेलं दिसलं आणि क्षणभर वाटलं, पुन्हा अडकलो. मग खालून खरखर आली, दगडावर रबर घासल्याची, आणि गाडी उचलली गेली.

हवेचं गणित नंतर जमलं. चिखलात हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट बसतो आणि पकड वाढते, हे खरं. पण माझ्या टायरांत ट्यूब आहे. एकदा मी फारच हवा सोडली, तर चाकाला जोर लागताच डिस्क आत फिरली, ट्यूब जागेवर राहिली आणि वॉल्व्हचा देठच तुटला. आता मी अठराच्या खाली जात नाही, आणि डांबरी लागली की आधी हवा भरून घेतो. पायपंप सीटखाली असतो.

डांबरीवर मात्र या टायरांना जपून न्यावं लागतं. गट्टे थोडे, म्हणून रस्त्याला टेकणारं रबर कमी. डिंभ्याकडे उतरताना पोखरी घाटात पाऊस आणि धुकं असलं की ब्रेक लागायला लांबण लागते. मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो, मागचा कितीही हॉर्न वाजवो. डिझेल जास्त जातं. आवाज तर इतका घुमतो, की गाडी वळणाआड असतानाच चुलती चहाला आधण ठेवते.

श्रावणात भीमाशंकरच्या वाटेवर चिखलाचे टायर लावलेल्या पुष्कळ गाड्या येतात. महागडे, छान टायर असतात. काही जण ते वापरून बघायला भरलेल्या खाचरांत उतरतात. बांध फुटला की पाणी निघून जातं, आणि नुकतं आवलेलं रोप मूळ धरायच्या आत कोरडं पडतं. एका खाचराचं भात म्हणजे एका घराचे काही महिने. त्यांना मी हात जोडून थांबवतो. काही थांबतात. चिखलात उतरण्याची हौस मला समजते, पण ती रस्त्यावरच्या चिखलात भागवावी, तो भरपूर आहे.

माळीण आमच्यापासून लांब नाही. ३० जुलै २०१४ ला तिथे डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. तेव्हापासून रात्री पाऊस कोसळायला लागला की वाडीतलं कोणी तरी येऊन विचारतं, “जीप ओढ्याच्या कोणत्या बाजूला लावलीस?” पावसाळाभर मी ती चढाच्या वर, दगडी पडावर लावतो, तोंड तळेघरकडे करून.

परवा काडीपेटीतली काडी खाचेत उभी करून नक्षी मोजली. नव्या टायरात काडी जेवढी बुडायची, आता त्याच्या निम्मीच बुडते. आणखी एक पावसाळा निघेल, कदाचित दीड. यंदा झाडांना हिरडा बरा धरलाय.