हलका बाण, जड बाण

आमच्या विज्ञानशाळेच्या कपाटांत, काचेच्या भांड्यांच्या मागें, वेळूचा हातभर लांबीचा एक तुकडा ठेविलेला आहे. तो मधोमध उभा चिरलेला असून त्याच्या एका टोंकास काळपट डाग आहे. नवीन विद्यार्थी तो पाहून "सर, हें कोणतें उपकरण?" असें विचारतात. "उपकरण नव्हे, माझ्या एका चुकीची आठवण आहे," एवढेंच सांगून मी आजवर वेळ मारून नेली. परंतु यंदा वार्षिकाच्या संपादकांनीं लेख मागितला, तेव्हां ती हकीकत एकदा सविस्तर लिहून टाकावी असें मनानें घेतलें. विद्यार्थ्यांस तींतून थोडें पदार्थविज्ञान मिळेल, आणि शिक्षकही चुकतात हें पालकांस कळेल. दुसरी गोष्ट त्यांस बहुधा ठाऊकच असेल.

धनुर्विद्या हा विषय वऱ्हाडास परका नाहीं. अमरावतीस १९१४ सालीं स्थापन झालेल्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळें आपल्या भागांत व्यायामाची आवड रुजली. त्याच शहरांतील क्रीडाप्रबोधिनींत सातारा जिल्ह्यांतील एका मजुराचा मुलगा, प्रवीण जाधव, धनुर्विद्या शिकला व २०२१ सालीं टोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांत भारताच्या वतीनें उतरला. ही गोष्ट मी अकोल्याच्या आमच्या शाळेंत नववीच्या वर्गास सांगितली. ती ऐकून वर्गांतील एक अबोल मुलगा धनुष्याच्या मागें लागला. त्याचे वडील मूर्तिजापुराकडील एका खेड्यांत चार एकर कोरडवाहू शेती करितात. कापसाचे पैसे हातीं येतांच त्यांनीं त्याला वेळूचें एक धनुष्य व सहा बाण घेऊन दिले. नवशिका प्रथम याच धनुष्यावर हात बसवितो, आणि आपल्या राष्ट्रीय सामन्यांतही वेळूच्या धनुष्याचा एक स्वतंत्र विभाग आहे.

अमरावतीस आंतरशालेय सामने व्हावयाचे होते. त्यांच्या आठ दिवस आधीं मधल्या सुटींत तो माझ्याकडे आला. "सर, माझे बाण निशाणाच्या फार खालीं लागतात. ते अधिक वेगानें जावेत म्हणून काय करूं?" प्रश्न ऐकून मला आनंद झाला. मी खडू घेतला, आणि बल तेंच ठेवून वस्तुमान कमी केलें तर वेग वाढतो हें फळ्यावर सिद्ध करून दाखविलें. "बाण हलका कर, म्हणजे झालें!" असें म्हणून मी हात झटकले. त्या दिवशीं मीं अर्धेंच सूत्र लिहिलें होतें.

मुलगा आज्ञाधारक. घरीं जाऊन त्यानें काचेच्या तुकड्यानें बाणांचे दांडे तासले, पिसें कातरलीं, आणि लोखंडी फळें काढून लहान पत्र्याचीं बसविलीं. अठरा ग्रॅमचा बाण बारा ग्रॅमवर आला. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्ही सर्व मैदानावर जमलों. पहिले चार बाण असे सरळ व सपाट गेले कीं मुलांनीं टाळ्या वाजविल्या, मींही वाजविल्या. पांचवा बाण सुटला आणि बंदुकीसारखा आवाज झाला. धनुष्याचा वरचा बाहू उभा फुटला होता व त्याची एक ढलपी मुलाच्या भुंवईखालीं शिरली होती. त्याच्या चेहऱ्यावरून रक्त वाहत होतें, आणि तरीही तो मलाच विचारीत होता, "सर, माझें कांहीं चुकलें काय?" दवाखान्यांत तीन टांके पडले. डॉक्टर म्हणाले, "बोटभर खालीं असती तर डोळा गेला असता." त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें वडील आले. ते काय बोलतील या भीतीनें मी दारांतच उभा होतों. त्यांनीं मुलाचा डोळा पाहिला, मग तें फुटकें धनुष्य हातांत घेऊन बराच वेळ न्याहाळलें. मीं सर्व दोष कबूल केला. ते शांतपणें म्हणाले, "मास्तर, रिकामी बंडी जास्त आदयते. वझं असलं का बैलाचा जोर वझ्यात जाते. वझं नसलं का तो जोर बंडीच्याच हाडात जाते."

मी पदवीधर, ते चौथीपर्यंत शिकलेले. जें मला फळ्यावर दिसलें नाहीं तें त्यांना बंडीच्या जुवावर बसून दिसलें होतें. नव्या धनुष्याची किंमत मीं देऊं केली, तेव्हां त्यांनीं निम्मेच पैसे घेतले. "अर्दी चूक पोराची बी हाय," असें त्यांचें म्हणणें.

पुढच्या रविवारीं मी अमरावतीस जाऊन धनुर्विद्येच्या एका वयस्क शिक्षकांस भेटलों. त्यांनीं जें सांगितलें व नंतर वाचनानें मला जें उमगलें, तें थोडक्यांत असें आहे.

धनुष्य ओढलें कीं त्यांत शक्ति सांठते. दोरी सुटतांच ती बाणास मिळते, पण सगळी नाहीं. कारण बाणाबरोबर दोरीला व धनुष्याच्या दोन्ही बाहूंनाही धांवावें लागतें. क्लॉप्स्टेग नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९४३ सालीं हा हिशेब सोपा करून दाखविला. धनुष्य आपल्या खऱ्या बाणाबरोबर जणूं ठराविक वजनाचा दुसरा एक अदृश्य बाणही सोडीत असतें. या अदृश्य बाणाच्या वाट्याची शक्ति धनुष्यांतच उरते, आणि तिचा धक्का त्यालाच सोसावा लागतो.

उदाहरण घेऊं. धनुष्यांत ३६ जूल शक्ति सांठते व अदृश्य बाण ६ ग्रॅमचा आहे असें धरा. खरा बाण १२ ग्रॅमचा असेल तर तो सेकंदास सुमारें ६३ मीटर वेगानें सुटतो, पण २४ जूलच घेऊन जातो. १२ जूल धनुष्यांत राहतात. बाण १८ ग्रॅमचा केला तर वेग ५५ मीटर होतो. बाण २७ जूल नेतो व ९ मागें राहतात. बाण ३० ग्रॅमचा असेल तर वेग ४५ मीटरांवर उतरतो, परंतु तो ३० जूल नेतो व धनुष्यास केवळ ६ जूल सोसावे लागतात. म्हणजे सर्वांत वेगवान बाण सर्वांत कमी शक्ति नेतो आणि धनुष्यास सर्वांत मोठा धक्का देतो. बाणच न लावतां दोरी सोडली तर सगळे ३६ जूल धनुष्याच्याच अंगावर येतात. यासाठीं रिकामें धनुष्य ओढून सोडूं नये असा सर्वत्र नियम आहे. माझ्या विद्यार्थ्याचा तासलेला बाण त्या रिकाम्या धनुष्याच्या वाटेवरचाच एक टप्पा होता.

आणखी एक गोष्ट. दांडा तासल्यानें वजन जेवढें घटतें त्याहून त्याचा ताठपणा फार अधिक घटतो. जाडी एक दशांशानें कमी केली तर वजन सुमारें एक पंचमांश कमी होतें, पण ताठपणा एक तृतीयांशाहून अधिक जातो. असा लवचीक बाण दोरीच्या धक्क्यानें प्रमाणाबाहेर वांकतो. प्रसंगीं तो हातावरच मोडतो.

मग जड बाणच नेहमीं चांगला काय? तसेंही नाहीं. तीस मीटर जाईपर्यंत, हवेचा अडथळा सोडून दिला तर, वरील बारा ग्रॅमचा बाण सुमारें १.१ मीटर खालीं उतरतो. तीस ग्रॅमचा त्याच्या दुप्पट, म्हणजे २.२ मीटर. अंतराचा अंदाज थोडा चुकला तर जड बाणाची चूक मोठी होते. म्हणून जाणते लोक मध्य शोधतात. लांकडी व वेळूच्या धनुष्यास ताणाच्या दर पौंडामागें आठ ते दहा ग्रेन वजनाचा बाण मानवतो, असा अनुभवाचा ठोकताळा आहे. चाकें बसविलेल्या आधुनिक कंपाउंड धनुष्यासही पांच ग्रेनांहून हलका बाण लावूं नये असें सांगतात. आमच्या मुलाच्या धनुष्याचा ताण बत्तीस पौंड होता. या हिशेबानें त्याचा बाण साडेसोळा ते पावणेएकवीस ग्रॅमचा हवा. म्हणजे त्याच्या वडिलांनीं आणलेला अठरा ग्रॅमचा बाण मुळांत अगदीं योग्य होता! मीं सुधारणा केली ती बिघडविण्याची.

बाणाचें वजन हें त्याला करावयाच्या कामावर ठरतें, हें जगाच्या इतिहासांतही दिसतें. इस्तंबूल येथील ओकमैदान नांवाच्या मैदानावर तुर्क तिरंदाज केवळ अंतर गांठण्यासाठीं अत्यंत हलके बाण सोडीत, व विक्रमाच्या जागीं दगड उभारीत. तेथें कांहीं भेदावयाचें नव्हतें. उलट १५४५ सालीं बुडालेल्या 'मेरी रोज' या इंग्रज युद्धनौकेंतून शंभरांहून अधिक धनुष्यें व हजारों बाण वर काढण्यांत आले. ते लढाईचे बाण, म्हणून दांडे भक्कम आणि जड.

शिकारीचा विचार याहून गंभीर आहे, कारण तेथें समोर जीव असतो. मागें चिखलदऱ्याच्या सहलींत सेमाडोहाजवळ एका वृद्ध कोरकू गृहस्थांशीं बोलण्याचा योग आला होता. त्यांच्या आज्यापाशीं दोन प्रकारचे बाण असत, असें ते म्हणाले: पांखरांकरितां हलका व बोथट, मोठ्या जनावराकरितां जड व लोखंडी फळाचा. दूरच्या जनावरावर आजा बाण सोडीत नसे. मीं त्या वेळीं तें केवळ कौतुकानें ऐकलें. आतां त्यांतील शहाणपण कळतें. आवाज सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. तीस मीटरांवरील हरणास दोरीचा आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आंतच पोहोंचतो. आपला अतिवेगवान बाण पोहोंचावयास जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या वेळांत हरीण हललेलें असतें. वेगानें आवाजावर मात करितां येत नाहीं. उलट हलक्या बाणानें धनुष्य अधिक खडखडतें. शिवाय आमच्या हिशेबांतील जड बाणाचा संवेग हलक्याच्या पावणेदोनपट असतो, त्यामुळें तो वाटेंत अडत नाहीं. हलका बाण नुसता रुतून बसला तर जनावर जखम घेऊन रानांत पळतें व दिवसचे दिवस तळमळतें. म्हणून आजा जवळ जाई, वाट पाही, आणि जड बाण सोडी. नाहीं तर सोडीतच नसे.

अर्थात् तो काळ गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वन्य प्राण्यांची शिकार अपराध ठरली आणि १९७४ सालीं मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. हें योग्यच झालें. आतां आपल्या बाणानें गवताच्या वा कागदाच्या निशाणासच भेदावें. परंतु हातून सुटलेली वस्तु कोणास कितपत दुखवील याचा विचार आधीं करावा, ही त्या आजाची शिस्त मात्र जुनी झालेली नाहीं.

आतां मुलाची उरलेली गोष्ट. त्या वर्षींचे सामने त्याला मुकले. जखम भरून आली. भुंवईवर वण राहिला. नवें धनुष्य आल्यावर त्यानें बारा बाण तयार केले, आणि या वेळीं आम्ही दोघे अकोल्याच्या सराफ्यांत गेलों. एका सोनारानें हंसत हंसत आपल्या कांट्यावर ते सर्व बाण तोलून दिले. अमरावतीच्या शिक्षकांनीं बजाविलें होतें कीं बाण अठरा ग्रॅमचा असो वा एकोणीस, पण सहाही बाण सारखे हवेत. एक जड व एक हलका असला तर हाताचा दोष कोणता व बाणाचा कोणता हें कधींच कळणार नाहीं. बारांतून सहा सारखे निघाले. पुढील वर्षीं तो अमरावतीस गेला व नववा आला. पदक मिळालें नाहीं. परंतु शेवटच्या फेरींत त्याचे सहाही बाण एका वितीच्या आंत लागलेले मीं स्वतः पाहिले. वडीलही आले होते. ते बाणांकडे पाहत नव्हते. मुलाच्या डोळ्याकडे पाहत होते.

विद्यार्थिमित्रहो, धनुष्य हातीं घ्याल तेव्हां इतकें पाळा. रिकामी दोरी कधींही सोडूं नका. रोज आरंभीं धनुष्य व बाण यांवरून बोट फिरवून चीर आहे काय हें पाहा. बाण तासण्यापूर्वीं जाणत्यास विचारा, आणि तो जाणता जर तुमचा विज्ञानशिक्षक असेल, तर "सर, सूत्र पुरें झालें काय?" असें त्याला नम्रपणें पण अवश्य विचारा.

पालकांस एवढीच विनंति कीं तुम्हांस शेतांत, दुकानांत, स्वयंपाकघरांत जें समजलें आहे तें मुलांना सांगत जा, व आम्हांसही सांगा. तो वेळूचा तुकडा कपाटांत आहेच. वेगाचा धडा आला कीं मी तो बाहेर काढतों, आणि फळ्यावर पहिलें चित्र रिकाम्या बंडीचें काढतों.