आधी पडणारं बोट

२३ जून, सोमवार

बसलेला हात सुटलाय. शनिवारी संध्याकाळी नेहमीचा मॅप लावला, १८० बीपीएमचा, मध्ये लांबलचक स्ट्रीम असलेला, आणि स्ट्रीमच्या तोंडाशीच कॉम्बो तुटला. परत लावला, परत तिथेच. काल तेच, आज तेच. मे महिन्यात हाच मॅप मी हात गरम करायला लावत होते.

ही वही कधीतरी धाकट्या भावाच्या हाती लागणार, म्हणून खेळ नीट लिहून ठेवते. ओसू! हा डीन हर्बर्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन मुलाने २००७ साली काढलेला, फुकट मिळणारा खेळ. गाण्याच्या ठेक्यावर पडद्यावर गोल उमटतात. एका गाण्यासाठीची गोलांची मांडणी म्हणजे मॅप, न चुकता सलग टिपलेले गोल म्हणजे कॉम्बो. प्रत्येक गोलाभोवती एक कडं आवळत येतं. ते गोलाला टेकतं त्या क्षणी कर्सर गोलावर हवा आणि बोट कीवर. उजव्या हातात टॅब्लेटचं पेन, डाव्या हाताची दोन बोटं झेड आणि एक्सवर. गोल लांब लांब पडले की जंप, एकमेकांना चिकटून आले की स्ट्रीम. १८०च्या स्ट्रीममध्ये एका ठोक्याला चार नोट्स, म्हणजे सेकंदाला १२. दोन नोट्समध्ये ८३ मिलिसेकंद. माझा मॅप ओडी ८चा आहे (ओडी म्हणजे वेळेच्या काटेकोरपणाची पातळी). त्यावर पूर्ण ३०० गुण हवे असतील तर ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे ३२ मिलिसेकंदांचीच मुभा.

२४ जून, मंगळवार

आधी वस्तूंवरचा संशय फेडून घेतला. हेडफोन वायरचाच आहे (ब्लूटूथवर आवाज इतका मागे पडतो की हा खेळ खेळताच येत नाही). आवाज आणि पडदा जुळवणारा ऑफसेट होता तिथेच आहे. स्क्रीन १४४ हर्ट्झवर आहे, टॅब्लेटचा एरिया हललेला नाही, कुठलीही की एका दाबात दोनदा उमटत नाही. सगळं जागच्या जागी.

२७ जून, शुक्रवार

स्कोअर झाकून ठेवला आणि खालची एररची पट्टी बघत बसले. मधली रेघ म्हणजे नेमका ठोका, डावीकडे पडलेली खूण म्हणजे बोट लवकर पडलं, उजवीकडे म्हणजे उशिरा. जंपच्या भागात खुणा मधोमध. स्ट्रीम लागली की अख्खा पुंजका डावीकडे सरकतो आणि शेवटपर्यंत तिकडेच राहतो.

हे यूआरच्या आकड्यात दिसलं नसतं. यूआर म्हणजे चुकांचं प्रमाणित विचलन गुणिले दहा. बोटं किती विखुरली ते तो सांगतो, कुठल्या बाजूला गेली ते सांगत नाही. घसरण लागली की सगळे यूआर किती वाढला एवढंच बघतात. मला वाटतं, बाजू आधी बघावी.

लवकर पडणं हा तसा माणसाचा धर्मच आहे. मेट्रोनोमसोबत बोट आपटायला सांगितलं तर बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधी पडतं. ब्रूनो रेप या संशोधकाने २००५ साली अशा सगळ्या प्रयोगांचा मोठा आढावा घेतला होता, त्यात हे येतं. वाजवणाऱ्या लोकांत ही तफावत कमी असते. म्हणजे सरावाने मी जी घाई काबूत आणली होती, ती परत डोकं वर काढतेय. पण सगळीकडे का नाही? जंपमध्ये का नाही?

३० जून, सोमवार

आज रिट्रायवर रिट्राय मारत बसले नाही. मनगटापासून कोपरापर्यंत हात दगड झाला होता. झोपेवर मॅथ्यू वॉकर या संशोधकाचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा २००२ सालचा प्रयोग आहे: उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसांना डाव्या हाताने कीबोर्डवर एक क्रम भराभर दाबायला शिकवला. रात्रीची झोप झाल्यावर त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला, मध्ये काहीही सराव न करता. डावाच हात, कीबोर्डच. माझ्यासाठीच केल्यासारखा प्रयोग आहे. साडेदहाला दिवा बंद.

झोपायच्या आधी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचा विचार करत होते. टोकियो ऑलिंपिकमध्ये २७ जुलै २०२१ला सांघिक अंतिम फेरीतून ती बाहेर पडली, कारण हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत हे तिच्या शरीराला कळेनासं झालं होतं. ३ ऑगस्टला ती बीमवर परत आली, शेवटची उडी बदलून, गिरकी अजिबात नसलेली उडी घेऊन, आणि कांस्यपदक जिंकली. तिथे जीव जाऊ शकतो, इथे फक्त कॉम्बो तुटतो. मला त्यातली रीत हवी आहे. जो तुकडा बिघडलाय तो बाजूला काढायचा आणि उरलेलं चालू ठेवायचं. उद्यापासून फक्त जंपचे मॅप.

३ जुलै, गुरुवार

दिवसभर पावसाची झड. आजोबा वऱ्हांड्यात आरामखुर्चीत, मी पायरीवर. आजोबा तारखात्यात होते. २०१३च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्या दिवशी ते जेवले नव्हते.

मी म्हटलं, "आजोबा, तुमचा हात कधी बिघडायचा का हो? म्हणजे येत असलेलंच येईनासं होतं तसं?"

"बिघडायचा तर. काहींचा कायमचा जायचा. बोटं आखडून यायची, की दाबलीच जायची नाही." मग जरा थांबून, "तुझी बोटं दुखतात का गं?"

"दुखत नाहीत. घाई करतात."

त्यांनी खुर्चीच्या हातावर मधल्या बोटाने वाजवलं. चार टिंबं सलग. "हा एच." मग दोन टिंबं, जराशी जागा, परत दोन टिंबं. "हे दोन आय. टिंबं तेवढीच. पोरगा घाईत असला की टिंब बिघडत नाही, मधली जागा खाल्ली जाते. पलीकडच्याला दोन आयचा एच ऐकू जातो." मोर्सचा नियम त्यांना अजून पाठ आहे: डॅश तीन टिंबांएवढा, दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांएवढी जागा, दोन शब्दांमध्ये सातांची.

मी त्यांना पाच नोट्सचा बर्स्ट, म्हणजे छोटीशी स्ट्रीम, वाजवून दाखवला. "हा पाचाचा आकडा," ते लगेच म्हणाले. खरंच, मोर्समध्ये पाच म्हणजे पाच टिंबं. माझा तीन नोट्सचा ट्रिपल म्हणजे त्यांचा एस. मग ते पाच पाच वाजवत राहिले. चौऱ्याऐंशीव्या वर्षी बोट थरथरतं, पण खुर्चीच्या लाकडावर टिंबांमधली जागा एकसारखी पडत होती. मी मान खाली घालून नुसतं ते बोट बघत होते. ते दाबायला जितका वेळ घेत होतं तितकाच उचलायला.

४ जुलै, शुक्रवार

रात्री तारवाल्यांबद्दलच वाचलं. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तार शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख काढले. पाठवण्याचा आलेख सरळ चढत जातो. ऐकून उतरवून घेण्याचा मात्र मध्येच सपाट होतो, आणि पुढे पुन्हा चढतो. त्यांचं म्हणणं, त्या सपाट काळात माणूस अक्षरं ऐकण्यावरून अख्खे शब्द ऐकण्यावर येत असतो. १९५८ साली मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर यांनी हे पठार खरंच असतं का, असा आक्षेप घेतला. असो. मी थांबलेली नाही, खाली आलेय, तेव्हा पठार माझ्या कामाचं नाही. पण पाठवणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र कामाचं आहे. आतापर्यंत मी फक्त पाठवणारं बोट तपासतेय.

६ जुलै, रविवार

आषाढी. खेळले नाही. टीव्हीवर पंढरपूर, घरात साबुदाणा.

८ जुलै, मंगळवार

सापडलं.

हाफ टाइम हा मॉड (खेळ बदलणारी सोय) लावला, म्हणजे गाणं पाऊणपट वेगाने, १८०चं १३५. नोट्समध्ये १११ मिलिसेकंद मिळतात आणि ३००ची खिडकीही त्याच प्रमाणात रुंदावते. अख्खा मॅप न खेळता जंप संपून स्ट्रीम सुरू होते तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा घेतला. या वेगात कानाला कळतं: कीचा आवाज आणि गाण्यातला ड्रम एकत्र न पडता फुटल्यासारखे दोन ऐकू येतात. हे पहिल्याच नोटला होतं. एसटी सुटेल म्हणून थांब्याच्या आधीच धावायला लागलेल्या माणसासारखी पहिली नोट पुढे उडी मारते, आणि मागच्या सगळ्या तिच्या मागे धावतात. त्या आपापसांत नीट अंतर ठेवून असतात! म्हणून पुंजका विस्कटत नाही, अख्खाच डावीकडे सरकतो.

आणि पहिली नोट आधी का पडते? जंप मी कड्याकडे बघून मारते. एआर (कडं आवळण्याचा वेग) ९ला गोल उमटल्यापासून ६०० मिलिसेकंदांत कडं टेकतं, तेवढ्यात डोळ्यांना वाट बघता येते. स्ट्रीममध्ये सात-आठ कडी एकदम आवळत असतात. डोळा कुठल्या कड्यावर थांबणार? तो सगळ्यात आधी बंद होणारं शोधत राहतो आणि बोटाला ढकलतो. जूनमध्ये दाट मॅप खूप खेळले, बहुधा तिथेच डोळ्याने कानाचं काम उचललं.

१० जुलै, गुरुवार

डाव्या पायाने ठोका धरायचा, फक्त ठोका, आणि स्ट्रीमची पहिली नोट पायासोबतच टाकायची. उरलेल्या तीन आपोआप भरतात. ठोक्यावर नेहमी तर्जनी पडते, चार नोट्स असल्यामुळे ते जुळतं. पाचाच्या बर्स्टमध्ये पहिली आणि पाचवी दोन्ही पायावर. हाफ टाइमवर पट्टी मधोमध आली. पूर्ण वेगावर अजून नाही. हात मात्र दगड होत नाहीये, आणि एवढ्यावरही मला आज फार आनंद झालाय.

१५ जुलै, मंगळवार

हिडन मॉड लावला. यात कडी येतच नाहीत, गोलही विरत जातात. लोक तो जास्त गुणांसाठी लावतात, मी डोळ्याला टेकायला जागा राहू नये म्हणून लावला. ठोका पकडताना कान डोळ्यापेक्षा बराच स्थिर असतो, लुकलुकणाऱ्या दिव्यासोबत बोट आपटण्यापेक्षा टकटकीसोबत आपटणं माणसाला नेमकं जमतं. तेच इथे झालं. गोल कुठे आहे एवढं डोळ्याने सांगितलं, कधी दाबायचं ते ड्रमने. स्ट्रीमच्या तोंडाशी हात आपोआप सैल झाला. शेवटाकडे दोन मिस झाले, ते कर्सर घसरल्यामुळे. बोटं जागेवर होती.

आजोबांना बोलावून ऐकवलं. त्यांना पडद्यात काही रस नाही, डोळे मिटून कीचा आवाज ऐकत राहिले. "जागा मिळतेय आता," म्हणाले.

१९ जुलै, शनिवार

पूर्ण वेग, कुठलाही मॉड नाही, मॅप सलग पार. यूआर पुन्हा शंभरच्या खाली. पुंजका रेघेवर, हलका डावीकडे झुकलेला, तेवढं चालतं. स्ट्रीममध्ये शिरताना अजून पाय लागतो. तो मुद्दाम सोडवणार नाही, सुटेल तेव्हा सुटेल.

आता ओडी ९. तिथे मुभा २६ मिलिसेकंदांची. एक मॅप उतरवून ठेवलाय, जंप आणि बर्स्ट एकाआड एक, म्हणजे दर दोन-तीन सेकंदांनी तेच दार. उद्या हाफ टाइमवर घेते.