अत्यावश्यक नसलेली माणसं

वॉशिंग्टनमध्ये ओळख झाली की नावापाठोपाठ 'कुठे काम करता' हेच विचारतात. उत्तर देईपर्यंत समोरच्याची नजर आपल्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेलेली असते. त्यावर 'इंटर्न' दिसलं की ती आपल्या खांद्यावरून पलीकडे, आणखी कोण आलंय ते शोधायला निघते. २०१०च्या हिवाळ्यात मी अशीच एक इंटर्न होते, एका संशोधन संस्थेत, बिनपगारी. कात्रणं काढायची, कॅपिटॉल हिलवरच्या सुनावण्यांना बसून टिपणं घ्यायची आणि चर्चासत्राच्या टेबलावर पाहुण्यांच्या नावांच्या पाट्या मानाच्या क्रमाने मांडायच्या. हे शेवटचं काम सगळ्यात नाजूक.

५ फेब्रुवारीला, शुक्रवारी, सकाळीच बर्फ सुरू झालं. सरकारी कार्यालयं लवकर सोडली. दुकानांत दूध आणि पाव संपले. शनिवारी संध्याकाळी थांबलं तेव्हा नॅशनल विमानतळावर १७.८ इंच बर्फ मोजलं गेलं होतं आणि पश्चिमेच्या डलेस विमानतळावर ३२.४. मेट्रो जमिनीखालच्या स्थानकांपुरतीच धावत होती. रुळांशेजारच्या विजेच्या पट्टीवर बर्फ साचलं की उघड्यावरच्या गाड्या अडतात.

मी कोलंबिया हाइट्समध्ये भाड्याच्या खोलीत राहत होते. पायऱ्यांवरचं बर्फ उपसायला घरात एकच फावडं, तेही शेजाऱ्यांचं. शेजारी एल साल्वादोरचे. त्यांनी आमचा फूटपाथ न सांगता मोकळा केला आणि मग फावडी खांद्यावर टाकून कामाच्या शोधात निघाले. त्या आठवड्यात एखाद्या वकिलापेक्षा त्यांनाच जास्त मागणी असावी.

शनिवारी दुपारी ड्यूपाँ सर्कलला बर्फाच्या गोळ्यांची लढाई होणार, असं फेसबुकवरून कळलं. बस बंद, म्हणून चालत निघाले. वाटेत अठरावा रस्ता आणि कोलंबिया रोड मिळतात तिथे पूर्वी निकरबॉकर नावाचं चित्रपटगृह होतं. १९२२च्या जानेवारीत अशाच बर्फाच्या ओझ्याने त्याचं छप्पर प्रेक्षकांवर कोसळलं आणि ९८ माणसं गेली. तिथे तेव्हा बँक होती. तिच्या छताकडे मी उगाच दोनदा पाहिलं.

ड्यूपाँ सर्कलचं कारंजं डॅनियल चेस्टर फ्रेंच यांचं. लिंकनचा तो भव्य बसलेला पुतळाही त्यांचाच. कारंज्याभोवती शेकडो माणसं एकमेकांना बेधडक हाणत होती. कानटोप्या, मफलर, जाडजूड कोट. ओळखपत्र कोटाच्या आत. माझ्या गोळ्याने ज्याचा चष्मा उडाला तो कोणा सिनेटरचा सल्लागार होता की पिझ्झा पोचवणारा, ते मला कळलं नाही. त्यानेही मला काही विचारलं नाही. नेम धरून परत मारलं, एवढंच.

सोमवार ते गुरुवार केंद्र सरकार बंद. उद्या कार्यालयं उघडणार का, याची घोषणा रोज व्हायची. तिच्यात एक ओळ ठरलेली: अत्यावश्यक कर्मचाऱ्यांनी मात्र यावं. आमची संस्था सरकारच्या पावलावर पाऊल टाकून बंद. आई फोनवर म्हणाली, "अगं, येऊ नको म्हणाले म्हणजे काढलं तर नाही ना तुला?" पगारच नाही तर काढणार कशावरून, असं मी म्हटलं. तिला ते मुळीच पटलं नाही.

पोटोमॅकपलीकडे आर्लिंग्टनला अनामिक सैनिकाच्या समाधीवर १९३७ पासून रात्रंदिवस पहारा आहे. तो त्या बर्फातही चालू होता. आमच्या कोपऱ्यावरचं इथिओपियन दुकानही. मालक मीठ, मेणबत्त्या आणि कडक कॉफी विकत होता, आणि पाहुण्याच्या दर्जाप्रमाणे नव्हे, आल्या क्रमाने. बुधवारी दुसऱ्या वादळाने जोर धरला. वाऱ्याने पुढचं काही दिसेना, तेव्हा शहराने बर्फ ढकलणारी वाहनंही माघारी बोलावली. त्याच दिवशी १८९८-९९च्या मोसमातल्या ५४.४ इंच बर्फाचा विक्रम मोडला.

शुक्रवारी कार्यालयं दोन तास उशिरा उघडली. रस्त्याकडेला भांडणं जुंपली होती. तासन्‌तास उपसून गाडीपुरती मोकळी केलेली जागा लोक खुर्ची, बादली, इस्त्रीचं टेबल ठेवून अडवत होते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसे. आमच्या गल्लीत टाय लावलेला एक गृहस्थ साल्वादोरी शेजाऱ्यांची खुर्ची उचलून बाजूला ठेवत होता. शेजारीणबाई दारात येऊन स्पॅनिशमध्ये कडाडल्या. गृहस्थाने खिशातून ओळखपत्र काढून दाखवलं. बाईंनी ते नीट वाचलं, खुर्ची होती तिथे परत ठेवली आणि तिच्यावर बसल्या.